केळीतलं जंगल

सुपडूभाऊंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या हसण्यानं निंबोल्याच्या पंचायतीचे पत्रे थरथरले, जैनाबादपर्यंतचे बगळे उडाले आणि तापी, माझी खात्री आहे, क्षणभर उलटी वाहिली. हसण्याचं कारण माझा नकाशा.

पुढच्या वीस वर्षांत शिवारात झाडं-पाखरं कुठं उरतील, याचे तीन नकाशे मी बुऱ्हाणपूरहून काढून आणले होते. चाललंय तसंच चाललं तर, सगळीकडे केळी लावली तर, आणि हिरवं ते राखलं तर. गाव निवडेल तो पंचायतीच्या आराखड्यात जाणार होता.

"सर," सुपडूभाऊ चष्मा पुसत म्हणाले, "हे घनदाट जंगल कोणाचं?"

"तुमच्याच शिवारातलं."

"ह्याला तर मी रोज ठिबकनं पाणी देतो. केळी आहे ती. आता एखादा वाघ पण पाठवून द्या, घड उतरवायला कामी येईल."

उपग्रहाच्या मार्चमधल्या फोटोत केळी गच्च हिरवी दिसली, म्हणून मी तिला जंगल केलं होतं. नाल्याकाठची चार किलोमीटर झाडी पानगळीत उघडी पडलेली, म्हणून ती पडीक. आणि पडीक जागेवर उद्या कुणीही केळी लावू शकत होतं. हे कळलं तेव्हा सुपडूभाऊंचं हसू थांबलं.

भर दुपारी ते मला नाल्यावर घेऊन गेले.

"मे महिन्यात वारं सुटतं ना, पहिली थप्पड हे अंजन आणि पळस खातात. म्हणून मागं माझी केळी उभी राहते. कपाशीतल्या अळ्या टिपणाऱ्या साळुंक्या पण इथल्याच. तुमच्या जंगलात एक घरटं दाखवा बरं, सर."

मी पिशवीतून खोडरबर काढलं.

मग आठ दिवस ते पुढं आणि मी खोडरबर घेऊन मागं. "हा भागाबाईचा पळस, लिहा. अहो, नुसती मान काय हलवता, लिहा." बारा वर्षं मी नकाशे काढत होतो, पाहायला शिकवलं ते त्यांनी, आणि वर रोज ताक पाजून. आजही फोटो हाती आला की मी आधी महिना विचारतो, आणि मनातल्या मनात त्यांना हात जोडतो.

गावानं तिसरा, हिरवं राखणारा नकाशा निवडला. मंजुरी यायला दीड वर्ष लागलं. तोवर चारपैकी दोन किलोमीटर झाडी तोडून झाली होती. तिथं आता केळी आहे.