कशाचं टोचलं?

आमच्याकडे लस टोचणाऱ्याला देवीडॉक्टरच म्हणत, मग त्याने पेटीत काहीही आणलेलं असो. मळवलीजवळच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. त्या वर्षी भातकापणीनंतर तो आला, तो प्लेगची लस घेऊन. मला ते ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

चावडीवरचं काम आटोपून तो माझ्या ओसरीपाशी थांबला. मी पुस्तकात होतो. माझी चार वर्षांची मुलगी उंबऱ्यावर चिंचोके मांडत बसली होती.

"मुलीला टोचलंय का, गुरुजी?"

"टोचलंय."

"लोणावळ्यात? तिथे महिनाभर चालूच आहे."

"हो, आजोळी," मान वर न करता मी म्हणालो. देवीची लस तिला तिथेच टोचली होती.

"शिकलेल्याचं घर बरं," तो हसला. "गावाशी भांडून घसा बसला माझा."

दुपारी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक बाई मोळी घेऊन आली. तिच्या कडेवरच्या पोरीचा दंड सुजला होता.

"म्या आदी इचारलं, कशाचं टोचतूस रं भाऊ? देवीचं आसंल तर झालंय. तर म्हनला, पिलेगाचं. सुई लय मोठी, बैलाची वाटली मला! तुमच्या ताईला बी टोचलं न्हवं?"

मी "हो" म्हणालो, आणि तेव्हाच माझी चूक मला कळली. देवीडॉक्टर पुढच्या गावी, कोसभरावर होता. मुलीला खांद्यावर घेऊन दिवस मावळायच्या आत पोचता आलं असतं. पण गुरुजींना साधा प्रश्न कळला नाही, हे त्याच्यापुढे कसं सांगायचं? रविवारी जाऊ म्हटलं. रविवारी गेलो, तर तो तिथून हलला होता.

तीन आठवड्यांनी गावात उंदीर मरून पडले. आम्ही माळावर झोपडी घालायच्या आत मुलीच्या जांघेत गाठ आली. चौथ्या दिवशी ती गेली. "टोचलं होतं ना हो?" बायको विचारत राहिली. गावानेही तेच धरलं, गुरुजींच्या पोरीला टोचलं तरी गेली.

ही लस दरवर्षी टोचावी लागे. पुढच्या वर्षी चावडीवर जेमतेम दोनचार माणसं आली. ठाकरवाडीतली ती बाईही न टोचताच पोरीला घेऊन परत निघाली होती.

"ताईला टोचून काय झालं, गुरुजी?"

"तिला टोचलंच नव्हतं."

देवीडॉक्टरने वहीतून मान वर केली. बाई पोरीची बाही वर सारत म्हणाली, "आदी बोलायचं व्हतं."

बायको होती तोवर हे लिहायला हात धजला नाही. त्या दिवशी चावडीवरून घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "कशाचं, म्हणून विचारायचं होतं," एवढंच ती म्हणाली. मग निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतून तिने पहिल्यापासून निवडायला घेतले.