अंगणात राहिलेले देव

लाओसमधल्या लुआंग प्राबांगच्या हॉटेलात सकाळी आईने अंघोळ करून स्टीलचा डबा उघडला, तेव्हा त्यात नुसते तांदूळ होते. तिने बोटांनी तांदूळ वरखाली केले, मग सगळे ताटलीत ओतले. आमचे टाक त्यात नव्हते. टाक म्हणजे कुलदैवतांचे चांदीचे छोटे पत्रे. आमच्याकडे एक चौंडेश्वरीचा आणि एक जोतिबाचा. इतक्या पिढ्यांनी त्यांना अंघोळी घातल्या आहेत की दोघांचे चेहरे पार झिजले, आणि कोणता कुणाचा हे आता फक्त आईलाच ओळखता येतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "देव तिथंच राहिले रे." आवाज अगदी साधा होता. चष्मा विसरला असं सांगावं तसा.

हे लिहावं की नाही याबद्दल मी बरेच दिवस साशंक होतो. मी देवभोळा माणूस नाही. इचलकरंजीत माझे वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करत आणि आई घरात सुताच्या कांड्या भरत असे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही. आता मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करतो. ब्रेक लागला तर का लागला आणि नाही लागला तर का नाही, हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. वडील गेल्यावर आईला इकडे आणलं, तेव्हा तिच्याबरोबर देवही आले. ते देवघर माझी बायको वृषाली आणि आई यांच्यातला विषय होता. मी लांबून नमस्कार करत असे आणि कामाला जात असे.

उत्तर थायलंड आणि लाओसमधली खेडी, जुनी गावं, हातमाग बघायची एक टूर होती. गाईड, बस, राहण्याची सोय, सगळं त्यांचं. आईने उभा जन्म सुतात काढला, तर तिला हे आवडेल म्हणून मी ती बुक केली. वृषालीला रजा नव्हती आणि आमची मुलगी ईरा हायस्कूलमध्ये, तेव्हा आम्ही मायलेकच निघालो. आईची अट एकच होती. देव बरोबर येणार. त्यांना नैवेद्य दाखवल्याशिवाय ती जेवत नाही, आणि वृषाली सकाळी सहालाच घराबाहेर पडते, मग मागे त्यांचं कोण करणार? टाक तांदळात घालून डबा तिने हातातल्या पिशवीत ठेवला. एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने डबा उघडून विचारलं तेव्हा मी सांगितलं, फॅमिली आहे. तो हसला आणि त्याने जाऊ दिलं.

थायलंडमध्ये नान नावाच्या जुन्या गावाजवळ एका विणकर खेड्यात आमचा मुक्काम होता. घर लाकडी, खांबांवर उभं. घराखाली माग मांडलेला. घरच्या म्हातारीला सगळे 'याय' म्हणत; तिकडे याय म्हणजे आजी. आई तिच्या मागाजवळ जाऊन बसली, एक धागा तुटला तो तिने न विचारता गाठ मारून जोडला, आणि तिथून पुढे त्या दोघींना माझी किंवा गाईडची गरज उरली नाही. याय तिच्या भाषेत बोलायची, आई इचलकरंजीच्या. दोघी एकमेकींना उत्तरं देत होत्या. आमचा गाईड आनन मला म्हणाला, "सर, मी काय ट्रान्सलेट करू? यांचं चाललंय."

त्या घराच्या अंगणात एका खांबावर लहानसं घर होतं, पाखरांसाठी बांधतात तेवढं. तिकडे प्रत्येक वास्तूच्या राखणदाराला असं घर देतात, आणि त्याच्यापुढे फुलं, उदबत्ती, खाणं ठेवतात. आईने ते बघितलं आणि म्हणाली, "ह्यांनी तर अंगणातच देवघर बांधलंय की." आमच्या खोलीत जमिनीवर गाद्या होत्या, पूजेला उंच जागा नव्हती. म्हणून सकाळी तिने टाक धुऊन त्या लहान घराच्या ओट्यावर मांडले, अंगणातलीच झेंडूची फुलं वाहिली, केळ्याचा नैवेद्य दाखवला. याय बाजूला उभी राहून बघत होती. नंतर तिने आपली उदबत्तीही तिथेच लावली. निघताना तिकडे पाहुण्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून काहीबाही पुटपुटतात. याय आईचे दोन्ही हात धरून ते करत बसली, बस हॉर्न देत होती, मी पिशव्या उचलल्या. डबा मीच घेतला. झाकण लावलेलं होतं, तेव्हा देव आत आहेत असं मी धरून चाललो.

त्याच दिवशी आम्ही हद्द ओलांडून लाओसमध्ये आलो. आनन हद्दीवरूनच परत गेला, पुढे नवा गाईड. त्यामुळे लुआंग प्राबांगला डब्यात नुसते तांदूळ निघाले तेव्हा मागे जायचं तर अख्खा दिवस डोंगरातून जायला आणि अख्खा दिवस यायला, आणि आमचं परतीचं विमान त्याच्या आत होतं. मी तरी गाडी ठरवायला निघालो होतो. आईच नको म्हणाली. त्या दिवशी ती बाकीच्यांबरोबर देवळं बघायला आली, सगळं नीट बघितलं, आणि जेवायच्या वेळी फक्त केळं खाल्लं. मला वाटलं, दोन दिवसांची गोष्ट आहे.

ती दोन दिवसांची गोष्ट नव्हती. नोव्हायला आल्यावरही आई दूध आणि फळांवरच राहिली. रुसवा नाही, रडणं नाही. सगळ्यांसाठी भाकऱ्या थापायची आणि स्वतः कपभर दूध घेऊन टेबलाशी बसायची. आमच्या देवघरात वृषालीचा गणपती आहे, बाळकृष्ण आहे. त्यांची पूजा ती करायची. पण कुळाचे देव कुठेतरी उपाशी बसलेत आणि आपण ताटावर कसं बसायचं, एवढंच तिचं म्हणणं. वृषाली म्हणाली, "आई, टाकांच्या जागी सुपारी मांडू या ना. चालतं की." आई म्हणाली, "सुपारी देव नसतील तर मांडायची. हे आहेत. कसे आहेत तेवढं कळंना झालंय." ईरा तिच्या पद्धतीने मध्ये पडली. "आजी, बट गॉड इज एव्हरीव्हेअर ना? मग तो ऑलरेडी इथे आहे."

"असंल की," आई म्हणाली. "पण जेवायला माझ्याकडं असतो."

ईराने तिच्या कपात आणखी थोडं दूध ओतलं.

मी मला जे येतं ते करत होतो. टूर कंपनीला ईमेल केले. विसरलेल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही, असं छापील उत्तर आलं. आननचा नंबर मागितला, तर देता येत नाही म्हणाले. त्या घराला पत्ता असा नव्हताच. नकाशावर खेडं सापडलं, पण नकाशाला हाक मारता येत नाही. परत जायचं म्हटलं तर रजा संपलेली, आणि कंपनीत नव्या मॉडेलचं काम ऐन रंगात. खरं सांगायचं तर मला आईचा रागही येत होता. डायबेटिसची गोळी घेणाऱ्या बाईने जेवण सोडणं म्हणजे काय, हे तिला डॉक्टरने, वृषालीने, मी, सगळ्यांनी सांगून झालं होतं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमचं बरोबरच हाय."

एका शनिवारी सकाळी ती सिंकपाशी उभी असताना खाली बसली. पडली नाही, बसली, पण चेहरा घामाने डबडबला होता. वृषालीने साखरेचं पाणी पाजलं, मी गाडी काढली. आमच्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गोळी कमी केली आहे, पण हे असं चालू राहिलं तर पुढच्या वेळी तुमच्या आई स्वयंपाकघरात पडलेल्या सापडतील आणि तुम्ही ऑफिसात असाल. त्यांनी विचारलं, "व्हॉट इज शी वेटिंग फॉर?" मी ते इंग्रजीत सांगायला गेलो आणि मला ते सांगता आलं नाही.

आईला आत तपासत होते तेवढ्यात मी बाहेर येऊन गाडीत बसलो. बर्फ पडत होता, काच हळूहळू पांढरी होत होती. मी वायपर लावले नाहीत. अशा वेळी माणसं नवस बोलतात. मला बोलता आला नाही, कारण द्यायला माझ्याकडे काय आहे असा प्रश्न पडला. मी एवढंच म्हणालो, मोठ्याने, रिकाम्या गाडीत: "माझ्याच्याने होत नाही. तुमचं तुम्ही बघा, आणि तिचंही बघा." कुणाला म्हणालो? चौंडेश्वरीला म्हणालो असेन, जोतिबाला म्हणालो असेन. ज्यांचे चेहरेही मला ओळखता येत नव्हते, त्यांना. मग आत जाऊन आईला कोट घातला आणि घरी आणलं.

त्या संध्याकाळी फोनवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. आनन होता. टूर सुरू होताना त्याने सगळ्यांचे इमर्जन्सी नंबर आपल्या फोनमध्ये घेतले होते, ते मी विसरून गेलो होतो. तो दुसरा ग्रुप घेऊन त्याच खेड्यात गेला होता, आणि यायने त्याला बसमधून उतरल्या उतरल्या पकडलं होतं. आधी हे त्या अमेरिकेच्या आजीला कळव, मग तुझ्या लोकांना चहा, असं म्हणाली म्हणे. टूर कंपनीकडून तुला माझा निरोप मिळाला होता का, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, कुठला निरोप? हा योगायोग असेल. मी त्यावर वाद घालणार नाही, कोणाच्याही बाजूने.

आई दिवाणावर शाल घेऊन बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला. अंगणातलं तेच खांबावरचं घर. आमचे दोन्ही टाक आतल्या बाजूला भिंतीला टेकवून नीट उभे केलेले, गळ्यात झेंडूच्या बारक्या माळा. पुढे उदबत्ती, पाण्याचा पेला, एक छोटी टोपली, आणि लाल सरबताची उघडी बाटली, तिच्यात प्यायची नळी घातलेली. शेजारी याय ताठ उभी, लग्नातल्या फोटोत उभं राहावं तशी.

आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. ते तिला ईराने शिकवलं होतं.

"टोपलीत काय हाय?"

"चिकट भात. तिकडचं रोजचं जेवण."

"आणि हे तांबडं?"

"सरबत. तिकडे देवांना ठेवतात."

"नळी घालून?" आई पहिल्यांदा हसली. "बघ की. आपण इतकी वर्षं नुसतं पाणी पाजलं."

खाली आननने लिहिलं होतं ते मी तिला मराठीत वाचून दाखवलं. याय म्हणते, हे तुमचे पूर्वज आहेत की देव आहेत ते मला माहीत नाही, पण माझ्या घरी ठेवून गेलात म्हणजे पाहुणे आहेत. रोज सकाळी आधी त्यांना वाढते, मग आम्ही जेवतो. तुम्ही काळजी करू नका.

आईने फोटो पुन्हा एकदा मोठा करून बघितला. ईरा जिन्यात उभी राहून बघत होती. वृषालीने गॅस बारीक केला. मग आईने फोन माझ्याकडे दिला, शाल बाजूला सारली आणि म्हणाली, "जेवलेत देव. मला वाढ."

वृषालीने भाकरी आणि मुगाची आमटी वाढली. आई सावकाश जेवली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो, आणि ते तिच्या लक्षात आल्यावर ती म्हणाली, "तुमाला काय कामं न्हाईत काय?"

टाक पार्सलने पाठवू का, असं आननने विचारलं होतं. मला वाटलं आई लगेच हो म्हणेल. ती दोन दिवस विचार करत होती, मग म्हणाली, त्या बाईनं रोज जेवू घातलंय, आता तिच्या दारातून उठवून पेटीत कसं घालायचं? तिला जड झाले तर ती कळवील. नाहीतर बसू देत. आमच्या घराण्यात देव दुसऱ्याच्या अंगणात राहिल्याचं याआधी कधी घडलं नसेल. पण कुणी कॉलेजात गेल्याचंही घडलं नव्हतं.

मी अजून लांबूनच नमस्कार करतो. एक फरक पडला आहे. ज्या गोष्टी माझ्या हातात नाहीत त्यांच्याकडे मी पूर्वी अपुरं राहिलेलं काम म्हणून बघायचो. मी त्या देवांना हरवलेले समजून शोधत होतो, आणि ते तेव्हा कुणाच्या तरी हातचा ताजा भात खात होते. काळजी घेणारं माणूस होतं, फक्त ते मी नव्हतो. एवढं कळायला मला गाडीत बसून हात टेकावे लागले. त्या म्हातारीचे उपकार मी कसे फेडणार? फेडता येणार नाहीत, हेही मी आता मान्य करतो.

आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. आईने तिचं मोठं जेवण आता संध्याकाळी नेलं आहे. डॉक्टर बाईंनी त्याप्रमाणे गोळीची वेळ बदलून दिली; कारण विचारलं नाही. बाहेर अंधारून येतं, ईरा ताटं मांडते, आणि आई आतून विचारते, "तिकडं उजाडलं का रं?" मी फोनमध्ये नानची वेळ बघतो आणि सांगतो, उजाडलं. मग ती येऊन बसते.