विंगकाका गप्प बसले

विंगकाकांना प्रेक्षकांनी जन्मात कधी पाहिलं नाही. ते नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर धरायची आणि नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायचं. पहिल्या रांगेला ऐकू गेलं तर तो प्रॉम्प्टर कसला! काकांचा आवाज नेमका नटापाशी जाऊन थांबायचा. मंडळीतले लोक म्हणत, काका बोलत नाहीत, आवाज पोस्टाने पाठवतात.

त्यांची बायको त्याच मंडळीतली मुख्य नटी. तिला सगळे बाई म्हणत, काकासुद्धा. बाईंना पाठांतराचा मनस्वी कंटाळा. हे आहेत ना, मग पाठ कशाला करायचं, असा त्यांचा रोखठोक सवाल असे. मान न वळवता त्या विंगेतलं वाक्य उचलत आणि असं फेकत की ते त्यांना आत्ताच सुचलंय असं वाटावं. संसारही बराचसा याच पद्धतीने झाला. समोर आलेला माणूस कोण, त्याच्या मुलीचं लग्न झालं की मोडलं, हे काका मागून पुरवत. बाई विचारपूस करून वाहवा मिळवत.

मग बाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले. आठवण मात्र मधूनमधून कुरतडल्यासारखी झाली. एकदा गॅस तसाच पेटता ठेवून त्या तालमीला निघाल्या. मंडळी बंद पडून जमाना लोटला होता. मुलगी नोकरी सांभाळून धावपळ करत होती. तिच्या साहेबांनी शेवटी सांगून टाकलं, एक तर वेळेवर या, नाहीतर येऊच नका. अपंगत्वाचा सरकारी भत्ता मिळाला तर बाईंजवळ दिवसभर एक मदतनीस ठेवता येणार होती. सगळं घोडं तिथे अडलं होतं.

तपासणीच्या दिवशी मुलीला रजा मिळाली नाही. काकाच बाईंना घेऊन गेले. खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात तपासायच्या खाटेपुढे कापडी पडदा. तरुण डॉक्टरने टेबलाच्या कडेला, बाईंच्या बाजूला, रेकॉर्डर ठेवला. मागाहून तक्रारी होतात म्हणून हल्ली सगळं रेकॉर्ड करतो, म्हणाला. सोबतच्या माणसाने मधे बोलायचं नाही, हेही सांगितलं. काकांनी मनापासून मान डोलावली. मग खुर्ची उचलली आणि सवयीने पडद्याच्या आडोशाला नेऊन बसले.

डॉक्टर प्रश्न विचारी आणि कॉम्प्युटरकडे बघून टाइप करी. आज वार कोणता? बाईंनी वार सांगितला. आपण कितव्या मजल्यावर आहोत? तोही सांगितला. शंभरातून सात गेले किती? बाईंनी खिडकीकडे पाहिलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि त्र्याण्णव म्हणाल्या. त्यातून सात? शहाऐंशी. लिंबू, किल्ली, पायपुसणं हे तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते. तेही त्यांनी परत केले, वर पायपुसण्याला असा काही सूर लावला की डॉक्टरने मान वर करून पाहिलं.

महिन्याभराने उत्तर आलं. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम, भत्ता नामंजूर. बाई खूश झाल्या. मुलीने पत्र दोनदा वाचलं आणि काकांकडे वळली.

"बाबा, तुम्ही मधे बोललात?"

काका म्हणाले, एक शब्द काढला असेल तर जीभ झडो. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबी ते बोलणं नव्हतंच.

मुलीने अर्ज करून रेकॉर्डिंग मागवलं. रात्रीची भांडी आवरल्यावर तिघं ओट्यापाशी बसली. आधी नुसत्या बाई ऐकू आल्या, खणखणीत. मुलीने आवाज वाढवला. तेव्हा खालून दुसरा आवाज वर आला. सगळी उत्तरं दोनदा होती. आधी काका, मग बाई. त्र्याण्णवच्या आधी तर काकांनी बारीक आवाजात "खिडकीकडे बघा" अशी सूचनाही दिली होती. बाईंनी ऐकता ऐकता दाद दिली.

शेवटी डॉक्टरचा प्रश्न आला. घरात कुणाची मदत लागते का? थोडी शांतता. मग काकांचा आवाज : नाही हो, माझं सगळं मीच करते.

मुलीने रेकॉर्डिंग थांबवलं.

"हे कशाला सांगितलंत?"

"तिला उत्तर सापडत नव्हतं."

"नसतं सापडलं तर भत्ता मिळाला असता ना!"

"अगं, पण परक्या माणसासमोर ती अशी उघडी पडली असती," काका म्हणाले.  मुलीने उठून धुतलेला ओटा उगाच पुन्हा पुसला.

तेच रेकॉर्डिंग जोडून तिने अपील केलं. डॉक्टरने ते कानाला इअरफोन लावून ऐकलं म्हणे, आणि हसून हसून चहा सांडला. फेरतपासणी मिळाली. मुलीचं म्हणणं काकांनी बाहेर थांबावं. बाई अडून बसल्या, हे नसतील तर मी आत जायची नाही. शेवटी तोड निघाली. काकांनी पडद्याआड नाही, समोर उजेडात बसायचं, तोंडात रुमाल धरून.

या वेळी मुलगीही रजा काढून आली होती. पुन्हा तीन शब्द दिले. मधे इकडचं तिकडचं विचारून झालं. मग डॉक्टर म्हणाला, हं, सांगा आता ते शब्द.

बाईंनी समोर पाहिलं. डॉक्टरकडे नाही, काकांकडे. काका रुमाल चावत होते. त्यांना तिन्ही शब्द पाठ होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाई थांबल्या. एवढ्या वर्षांत त्या इतका वेळ कधी थांबल्या नव्हत्या. काकांनी डोळे मिटून घेतले. भर प्रयोगात नटीला वाऱ्यावर सोडलं होतं त्यांनी, आणि तेही समोर बसून.

मग बाई कणा ताठ करून डॉक्टरला म्हणाल्या, "माझं वाक्य यांच्याकडे आहे. ते देत नाहीयेत."

डॉक्टरने ते तसंच लिहून घेतलं.

जिना उतरताना बाईंनी काकांचा हात झिडकारला आणि मुलीचा धरला. रिक्षात त्यांच्याशी बोलल्या नाहीत. घरी पोचेपर्यंत राग कशाचा ते विसरल्या, पण राग तसाच होता. काकांनी दुपारी जेवायला वाढलं, तर ताट बाईंनी मुलीकडून घेतलं.

भत्ता मंजूर झाला. मुलीची नोकरी टिकली. सोमवारी मदतनीस आली, चांगली धट्टीकट्टी, हसरी. बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं, घरातल्या माणसांची ओळख करून दिली. काका दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांच्याकडे बोट करून बाईंनी आवाज खाली आणला.

"यांना सांभाळून घे हं. पूर्वी फार चांगले होते. हल्ली विसरतात."

काकांनी मान डोलावली आणि तांब्या खाली ठेवला.