वर्षाच्या पोटावरचे पाच डाग

डॉक्टरबाईंनी "थॅलेसेमिया मेजर" असं दोनदा सांगितलं. आम्ही बाहेर आलो आणि दिगंबरनं, माझ्या नवऱ्यानं, बाकड्यांवरच्या सगळ्या पेशंटांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. माझ्या कडेवर अकरा महिन्यांची वर्षा होती. ती रडलीसुद्धा नाही, इतकी थकलेली होती.

ही नव्वदीच्या सुरुवातीची, औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यातली गोष्ट. आम्ही मंठ्याजवळच्या खेड्यातले. दिगंबर जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलवर कामाला. तो माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा, म्हणजे आत्या हीच माझी सासू. मामाची मुलगी करायची आमच्याकडे रीतच आहे. घरातली पोर घरातच राहते, असं म्हणत मला हळद लावली.

थॅलेसेमिया म्हणजे अंगात धड रक्तच बनत नाही. बनतं ते लवकर फुटतं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजते आणि पोट पुढे येतं. हे आज माहीत आहे. तेव्हा वर्षा सहाव्या महिन्यापासून पांढरीफटक पडत चालली होती, पोट माठासारखं झालं होतं, आणि आत्या म्हणाली, "पोटफुगीचा डबा झालाय लेकराला. बिब्बा द्यावा लागंल."

बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल गळतं. ते पोटावर टेकवायचं. कातडी जळते, चिघळते आणि डाग जन्मभर राहतो. आत्यानं पाच डाग दिले. वर्षा किंचाळून निळी पडली. तिचे पाय मी धरले होते. वर गावातल्या कंपाउंडरनं रक्तवाढीचं लोहाचं टॉनिक दिलं, तेही मी चार महिने न चुकता पाजलं.

ते डाग पाहून डॉक्टरबाई माझ्यावर कडाडल्या होत्या. "बाई, लेकरू आहे की भाकरी? आजार रक्तातून आला, त्यात तुमचा दोष नाही. पण हे डाग आणि हे टॉनिक तुम्ही दिलंत. या मुलांच्या अंगात लोह आधीच साठतं, ते हृदय आणि लिव्हर पोखरतं."

मग त्यांनी समजावलं की आई-बाप दोघंही कॅरिअर असले तरच असं मूल होतं. कॅरिअर म्हणजे स्वतः धडधाकट, पण बिघडलेला एक जीन बाळगणारा माणूस. दर गरोदरपणात चारात एक धोका, आणि तो दर वेळी नव्यानं. मी तेव्हा पुन्हा गरोदर होते, सातवा आठवडा लागला होता. दिगंबरनं एवढ्या सगळ्यातून 'आई' हा एकच शब्द ऐकला.

घरी आल्यावर आत्यानं निकालच दिला. "तुही कूसच नासकी. हे पोट पाड. सुनीताला करून आणू. माझा भाऊ न्हाई म्हनायचा न्हाई."

सुनीता माझी सख्खी धाकटी बहीण, अठरा वर्षांची. त्याच आई-बापाची, त्याच रक्ताची. मी नाही म्हणाले तर दिगंबरनं पट्टा काढला. पोट सांभाळायला मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि पाठ त्याला दिली. तेवढ्यात आत्यानं पुन्हा बिब्बा काढला. "लेकराचं पोट काहून उतरंना म्हन्ते मी? डाग कमी पडले."

मी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि तिच्या तोंडापुढे धरलं. "आता लेकराला हात लाव आत्या, तुलाच डागते." तिच्या पदरावर ठिणगी पडली, ती तिनंच विझवली. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

वर्षाला घेऊन मी माहेर गाठलं. आबा, माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ, म्हणाले, "आक्काचा शब्द कसा मोडू?"

"नका मोडू. पर आधी तुमचं अन् सुनीताचं रक्त तपासा. मंग खुशाल काय शब्द द्यायचा तो द्या."

आबा सुनीताला घेऊन औरंगाबादच्या दवाखान्यात आले. आत्याही आली ती भांडायलाच. डॉक्टरबाईंनी तिचं आणि दिगंबरचंही रक्त काढलं. चौघंही कॅरिअर निघाले. "आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा जीन तुमच्या माहेरचा. मुलाला तुम्ही दिलात, पोरींना तुमच्या भावानं. धाकटी आणली असती तरी हाच धोका होता."

आत्या बाकड्यावर टेकली. तिचंही लग्न नात्यातच झालेलं. मग म्हणाली, "माह्या दोन लेकरांची पोटं बी अशीच आल्ती. त्याह्यलाबी म्याच बिब्बा दिल्ता." ती दोन्ही दोन वर्षांच्या आत गेलेली.

सुनीता सुटली आणि मी सासरी परतले. दिगंबरनं त्यानंतर हात उचलला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. दोनदा उचलला. दुसऱ्या वेळी मी पोलीस पाटलाच्या दारात जाऊन बसले, तेव्हा थांबला.

अकराव्या आठवड्यात मुंबईला सीव्हीएस केली. म्हणजे वारेचा कणभर तुकडा सुईनं काढून बाळाचे जीन तपासतात. रिपोर्ट आला, मेजर. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या, मूल ठेवायचं किंवा नाही, आणि कोणतीच बरोबर म्हटली नाही. मी सही केली. आत्या 'पाड' म्हणाली होती म्हणून नव्हे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला वर्षाच्या हातात शीर कशी शोधतात ते मी पाहत होते. तिच्या त्या भावंडासाठी मी खूप रडले. पुढं मूल नको, हेही मीच ठरवलं.

तुमच्या घरी नात्यात लग्न ठरत असेल, तर हळदीआधी दोघांची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करा. कोणाच्या रक्तात काय दडलंय ते तिच्यात कळतं. मूल पांढरं पडलं तर डागू नका, रक्त तपासा. वर्षाला आजवर दिगंबरच्या मिलमधल्या ज्या कामगारांनी रक्त दिलं, त्यांतले निम्मे मला नावानं ठाऊक नाहीत. ती त्यांच्यामुळे आहे.

वर्षा बारा वर्षांची झाली तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात पलंगावर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "आई, हे डाग आजीनं दिले ना?"

"हो."

"अन् मला धरलं कोणी होतं?"

नर्स सुई घेऊन उभी होती. खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "मी."

तिनं झगा खाली ओढला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा हात पुढे केला. "मंग आताबी तूच धर."