त्याच मॅगझिनमध्ये बसतं

"नात बारा वर्षांची आहे, अंगाने अगदी किडकिडीत. तिच्या खांद्याला सोसेल आणि हरीणही एका गोळीत पडेल, अशी रायफल सांगा."

चॅटच्या खिडकीत हे इंग्रजीत आलेलं. लिहिणारे कॉलिन, ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचा फार्म असलेले आजोबा. उत्तर देणारी मी, वागळे इस्टेटमधल्या एका काचेच्या इमारतीत, पहाटेच्या शिफ्टला, पोह्यांचा डबा बाजूला सारून. टिकल्यांची बंदूक सोडली तर मी आयुष्यात कुठलीही बंदूक उडवलेली नाही.

लोकांना हे खोटं वाटतं, म्हणून आधीच सांगते. तिकडे तंबू, गळ, रायफली विकणाऱ्या दुकानांची एक साखळी आहे. त्यांच्या वेबसाइटवर कुणी प्रश्न टाकला की उत्तर ठाण्यातून जातं. मी तिथे प्रॉडक्ट डेस्कवर आहे. 'नक्की काय घेऊ?' असा प्रश्न पडलेले ग्राहक माझ्याकडे येतात. आधी मी तंबू आणि गळ सांभाळायचे. मग शिकारीचा विभागही गळ्यात पडला. त्याचं ट्रेनिंग व्हिडिओवर झालं. ट्रेनरने दारू नसलेली डमी काडतुसं पाठवली होती, ती माझ्या ड्रॉवरमध्ये असतात.

वर्तकनगरला आमच्या घरी आई रोज सकाळी पंचशील म्हणते. माझं नवीन काम ऐकून ती म्हणाली, "अगं, त्या मुक्या जिवांनी तुझं काय वाकडं केलंय?"

"मी मारत नाही आई, मी फक्त सांगते."

"फक्त सांगते म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, चुकीची बंदूक घेतली तर जनावर जखमी होऊन तडफडतं, योग्य घेतली तर एका झटक्यात सुटतं. आई म्हणाली, हे वकिलासारखं झालं. तिचं खरंय, पण नोकरी माझी आहे.

तर कॅलिबर. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, आणि ती जाते त्या नळीच्या भोकाचा व्यास. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, त्यात दारू, तोंडाशी गोळी. दारू जास्त आणि गोळी जड, तर खांद्याला बसणारा धक्काही मोठा. लहान मुलाला एकदा जबर धक्का बसला की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले जातात. नेम जातो, हरीण जखमी होऊन पळतं, पोर रडतं. म्हणून लहानांना हलकं कॅलिबर द्यायचं. पण फार हलकं दिलं तर ते हरणाला पुरत नाही.

कॉलिनना एकीकडे कोकरं पळवणाऱ्या कोल्ह्यांचा बंदोबस्त हवा होता आणि दुसरीकडे नातीची पहिली हरणाची शिकार. घरात टू-टू-थ्री नावाची हलकी रायफल होती. कोल्ह्याला ती भरपूर, हरणाला तोकडी. मी टू-फोर-थ्री सुचवली. किंचित मोठी, धक्का बेताचा. कोल्ह्यासाठी हलकी गोळी घ्या, हरणासाठी जड, रायफल तीच.

ते म्हणाले, "शेजारी थ्री हंड्रेड ब्लॅकआउट घे म्हणतोय. धक्का आणखी कमी."

शेजारी खोटं बोलत नव्हता. धक्का कमी असतो, जवळच्या अंतरावर हरणालाही चालते. मी लिहायला घेतलं, 'तुमच्या घरात टू-टू-थ्री आहे, म्हणून ब्लॅकआउट घेऊ नका, कारण...' आणि चॅट तुटला. फार्मवरचं इंटरनेट तसंच असतं. तुटलेला चॅट आमच्या बाजूने उघडता येत नाही, तशी सोयच नाही. मी त्यांच्या प्रोफाइलवर लाल अक्षरात शेरा टाकला, 'घरात टू-टू-थ्री, ब्लॅकआउट विकू नये', आणि पुढच्या ग्राहकाकडे वळले.

शनिवारी सकाळी कामावर आले तर सगळ्यांच्या स्क्रीनवर 'चॅट ऑफ द वीक' झळकत होता. मानकरी अक्षय. अक्षय दिव्याहून येतो, हुशार पोरगा, बोटं टाइपिंगला विजेसारखी. आमच्याकडे यायच्या आधी तो मोबाइल ॲक्सेसरीजच्या प्रोसेसला होता. कुठल्या फोनला कुठला चार्जर, कुठली केबल, दिवसभर तेच. कुणाची नजर लागेल इतका छोटा चॅट, ग्राहकाकडून पाच स्टार, वर विक्रीही. मी जरा जळूनच उघडला. ग्राहक कॉलिन.

ते माझ्या शिफ्टनंतर परत आले होते आणि अक्षयच्या वाट्याला गेले होते. चॅट चालू असताना कोपऱ्यात घड्याळ पळत असतं, वेळ जास्त झाला की ते लाल होतं आणि मार्क जातात. त्यामुळे जुना शेरा उघडून वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. कॉलिननी एवढंच विचारलेलं, "माझ्याकडच्या टू-टू-थ्रीच्या मॅगझिनमध्ये ब्लॅकआउट बसतं का?" मॅगझिन म्हणजे रायफलला खालून लावायची काडतुसांची डबी.

अक्षयने लिहिलेलं, "हो सर, फुल्ली कम्पॅटिबल!"

कॉलिनचं शेवटचं वाक्य होतं, "वा, एक खर्च वाचला. रायफल गावातल्या दुकानातून उचलतो. शनिवारी दोन्ही घेऊन नातीला टार्गेटवर नेतोय."

तिकडची घड्याळं आपल्या पुढे आहेत. आमची नुकती सकाळ झालेली, तिथे दुपार होत आलेली.

मी अक्षयला बोलावलं.

"काय झालं ताई? मी चेक केलेलं ना. मॅगझिन सेमच आहे. कुठेही बघ."

"मॅगझिन सेमच आहे रे." मी ड्रॉवरमधून दोन डमी काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. "ही टू-टू-थ्री, ही ब्लॅकआउट. बूड बघ."

"सेम."

"आता तोंड बघ."

त्याने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "हिची गोळी जाडी आहे."

"ही जाडी गोळी चुकून बारीक नळीच्या रायफलमध्ये गेली तर?"

"जाणारच नाही ना."

"जाते. पितळ तेच आहे, नुसतं कापून आखूड केलेलं. कधी सहज जाते, कधी अडकते, जोर लावला की जाते. आत जाते, बाहेर निघत नाही."

"मग?"

"मग चाप ओढला की रायफलच फुटते. आणि तेव्हा तिला गाल टेकवलेला असतो."

अक्षयचा चेहरा उतरला. चार्जरची पिन बसली की फोन चार्ज होतो, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. बसतं म्हणजे चालतं. त्याने डमी टेबलावर ठेवल्या, त्याही एकमेकींपासून लांब.

मी देशपांडे सरांच्या केबिनमध्ये गेले. सर डोंबिवलीचे, ऑपरेशन्स मॅनेजर, माणूस वाईट नाही, पण ऑडिटचं नाव काढलं तरी त्यांना ॲसिडिटी होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

"सुजाता, आपली चॅट प्रोसेस आहे. ग्राहकाला फोन करायची परवानगी आपल्याला करारात नाही. क्लायंटच्या सेफ्टी टीमला मेल टाका."

"टाकला सर. सोमवारी बघू असा ऑटोरिप्लाय आलाय."

"मग आपण आपल्या बाजूने केलेलं आहे."

"सर, ती पोरगी आज बसणार आहे रायफल घेऊन. आज. आत्ता."

"मला कळतंय हो. पण आमच्या माणसाने चुकीची माहिती दिली असं आपणच कळवायचं? क्लायंट गेला तर अख्खा फ्लोअर घरी जाईल."

"चुकीची नाही दिली सर, बरोबर दिली. तोच तर घोळ आहे!"

माझा आवाज चढला होता. काचेबाहेर माना वळल्या. मला रडूही येत होतं आणि त्यांच्या टेबलावरचा तो 'बेस्ट साइट' पुरस्काराचा काचेचा कप उचलून आपटावासाही वाटत होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दुकानांना स्टॉक विचारायला फोन लावायची आपल्याला मुभा आहे," ते म्हणाले. "ज्या दुकानातून त्यांनी माल उचलला, तिथे लावा."

"आणि स्टॉक विचारू?"

"आधी स्टॉक विचारा. मग जे बोलायचं ते बोला. रेकॉर्डिंगमध्ये पहिलं वाक्य स्टॉकचं असू द्या, म्हणजे झालं."

छोट्या गावातली दुकानं तिकडे शनिवारी दुपारी बंद होतात. रिंग वाजत राहिली. बंद झालं असणार, असं मी मनात म्हणतेय तोच एका बाईने उचलला. नाव डॉन.

"ब्लॅकआउटच्या काडतुसांचा स्टॉक किती आहे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वेड्यासारखा वाटला.

"आहे थोडा. तुला ठाण्यात बसून कशाला हवाय?"

मग मी सांगितलं. कॉलिन, घरातली टू-टू-थ्री, त्याच मॅगझिनमध्ये बसतं असं त्यांना समजलंय, नात, आज. डॉनला काडतूस काय आणि धोका काय हे समजवायला लागलं नाही. ती इथे लिहिता येणार नाही असा एक शब्द बोलली.

"परवा मीच दिली त्याला रायफल. घरात टू-टू-थ्री आहे हे बोललाच नाही."

तिने दुसऱ्या फोनवरून कॉलिनच्या घरी लावला. वाजून वाजून बंद झाला. मोबाइल रेंजबाहेर. मग म्हणाली, "थांब, ठेवू नकोस. तिकडे फार्मवर सगळ्यांच्या गाडीत एकमेकांशी बोलायचा रेडिओ असतो. त्याच्या शेजाऱ्याला त्यावर गाठते." आणि रिसीव्हर काउंटरवर ठेवून गेली.

त्यानंतर मी नुसती ऐकत बसले. दुकानाच्या दाराची घंटा, कुणाचे तरी बूट, लांबून डॉनचं बोलणं. शब्द कळत नव्हते. अक्षय माझ्या खुर्चीमागे उभा होता. देशपांडे सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, हातात अँटासिडची बाटली. माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. समजा झालंच असेल, तर मला ते कळणार कसं? इथे हेडफोन लावून, की सोमवारी एखाद्या मेलमधून? मला त्या मुलीचं नावही माहीत नव्हतं. बारा वर्षांची, किडकिडीत, एवढीच माझी तिच्याशी ओळख.

"ताई, काय म्हणतायत?" अक्षयने तिसऱ्यांदा विचारलं.

"गप्प बस रे!" मी खेकसले.

मग रिसीव्हर उचलल्याचा खडखडाट झाला.

"मिळाला," डॉन म्हणाली. "दोघं ठीक आहेत."

मी मागे वळून अंगठा दाखवला. सर जवळच्या खुर्चीत बसले. मला बसायची गरज नव्हती, मी बसलेलीच होते.

पुढचं डॉनने सांगितलं. कॉलिननी दोन्ही काडतुसं एकाच मॅगझिनमध्ये भरली होती, एकाआड एक नाही, हाताला येतील तशी. बसतात म्हटल्यावर वेगळी कशाला ठेवायची? नात टू-टू-थ्री घेऊन बाकावर बसली होती. पहिल्या गोळ्या नीट गेल्या, कारण वरची काडतुसं त्याच रायफलची होती. मग पुढचं काडतूस आत सरकलं, पण काडतूस आत ढकलून नळी बंद करणारी वरची दांडी पूर्ण बंद होईना. आजोबांना वाटलं, नवीन माल, जरा घट्ट असेल. नातीचा गाल रायफलला टेकलेला, आणि ते तिच्या खांद्यावरून वाकून तळहाताने दांडीवर ठोकत होते. तेवढ्यात गाडीतल्या रेडिओवर शेजारी त्यांचं नाव घेऊन शिव्या द्यायला लागला. इतक्या घाणेरड्या, की पोरीच्या कानावर पडू नयेत म्हणून रेडिओ बंद करायला आजोबा गाडीकडे गेले आणि निरोप त्यांना कळला.

आणखी एक ठोका बसला असता, तर दांडी बंद झाली असती.

अक्षय बाथरूममध्ये जाऊन आला, डोळे लाल. म्हणाला, "ताई, मी तर बरोबर उत्तर दिलेलं गं." मी म्हटलं, "हो रे, माहितीये." दुसरं काय म्हणणार? मलाही त्याच्या जागी घड्याळ लाल झालेलं दिसलं असतं.

आता निकाल. 'चॅट ऑफ द वीक' गुपचूप खाली उतरवला गेला. ऑडिटमध्ये मला त्या कॉलसाठी शून्य मिळालं, शेरा होता: स्टॉकच्या चौकशीव्यतिरिक्त संभाषण. देशपांडे सरांनी त्यावर भलंमोठं स्पष्टीकरण लिहिलं आणि शून्य तसंच राहिलं. कॉलिननी ब्लॅकआउट परत केली, टू-फोर-थ्री घेतली. ती काडतुसं जुन्या रायफलमध्ये घालायला गेलं तरी जात नाहीत, म्हणून मी निर्धास्त आहे. नात मात्र त्या वर्षी शिकारीला गेली नाही. का, ते त्यांनी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

आमच्याकडे तयार उत्तरं असतात, त्यांना मॅक्रो म्हणतात. एक बटण दाबलं की अख्खा परिच्छेद जातो. बहुतेक सगळे मॅक्रो 'याबरोबर हेही घ्या' असे. क्लायंटच्या मागे लागून मी एक नवा करून घेतला. कुणीही ब्लॅकआउटचं नाव काढलं की तो आपोआप उघडतो आणि पाठवल्याशिवाय चॅट पुढे सरकत नाही. घरात टू-टू-थ्री असेल तर ही रायफल घेऊ नका, काडतुसं मॅगझिनमध्ये बसली तरी घेऊ नका, असं त्यात साध्या भाषेत लिहिलंय.

दर महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर प्रत्येक मॅक्रोपुढे त्याने किती विक्री करून दिली ते येतं. या मॅक्रोपुढे कायम शून्य असतं. क्लायंटकडून नवीन कुणी आलं की विचारतंच, हा निरुपयोगी मॅक्रो अजून का ठेवलाय? देशपांडे सर माझ्याकडे बघतात. मी सांगते, तो चालतोय म्हणूनच शून्य आहे.