कुणी आणली साथ?

मुरोताबाईंचा राग हमाओगी या बंदराच्या गावातल्या प्राथमिक शाळेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. आजारखोलीचं दार किती जोरात लागलं यावरून मुलं सांगायची, आज बाई कितपत तापल्यात ते. खोकणारं पोर मास्क हनुवटीला लटकवून फिरताना दिसलं की बाई जिन्यावरूनच त्याचं नाव घेऊन ओरडायच्या. तेच पोर ताप घेऊन त्यांच्या खाटेवर पडलं की त्याची आई येईपर्यंत उशाशी बसून राहायच्या. मुलांना दोन्ही ठाऊक होतं, म्हणून मुलं त्यांना घाबरत नसत. घाबरायचे ते शिक्षक.

बाई होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आरोग्यशिक्षिका म्हणून या शाळेतून त्या शाळेत, असंच त्यांचं आयुष्य गेलं. नव्या शाळेत पहिला हिवाळा तोंडावर आला की त्यांचा एक कार्यक्रम ठरलेला. सगळ्या शिक्षकांना एका वर्गात बोलवायचं आणि लाल रंग घातलेली पातळ पेज कमरेच्या उंचीवरून जमिनीवर ओतायची. "ही उलटी झाली. पुसा आता." शिक्षक हसायचे. मग बाई वाकून एकेक लाल शिंतोडा दाखवायच्या. बाकाच्या पायावर, दप्तरावर, सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्याच्या चपलेवर. त्यानंतर कुणी हसत नसे. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, हातमोजे घाला, कडेकडून मधे पुसत या, ब्लीच विसरू नका. हे त्या सगळ्यांकडून घोटून घ्यायच्या, आणि प्रत्येक वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात या सामानाची एक झाकलेली बादली असायची.

एवढं सगळं करूनही हमाओगीत साथ आलीच. आणि ती आली शाळेच्याच एका शहाणपणामुळे, हे बाईंनी पुढं भर सभेत सांगितलं.

मुख्याध्यापक काजिवारा सर माणूस वाईट नव्हता. पण कुणी त्यांना नावाजलं की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की लोक उगाचच नावाजायचे. त्या वर्षी त्यांनी 'सगळे हजर' नावाची मोहीम काढली. ज्या दिवशी वर्गात एकही मूल गैरहजर नसेल, त्या दिवशी वर्गाच्या दारावर कागदाचं एक फूल. महिनाअखेर ज्यांची फुलं जास्त, त्यांना सगळ्या शाळेसमोर उभं करून टाळ्या.

बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. "सर, आजारी पोरानं घरी राहावं म्हणून मी घसा कोरडा करते, आणि तुम्ही त्यालाच फुलं लावून बोलावताय?"

"अहो मुरोताबाई, मुलांचा उत्साह तर बघा."

"उत्साह नाही तो, धाक आहे. एका पोराला ताप आला की उरलेला वर्ग त्याच्याकडे डोळे वटारून बघणार."

"तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीत रोगच दिसतो."

"पगार त्याचाच घेते मी," बाई म्हणाल्या, आणि आजारखोलीचं दार त्या दिवशी असं आपटलं की दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

जानेवारीत सगळ्यात जास्त फुलं चौथीच्या दारावर होती. त्या वर्गात इबुकी तोगाशी नावाचा एक किरकोळ मुलगा होता. घरी तो आणि आई, दोघंच. आईचं बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर केस कापायचं दुकान होतं आणि निम्म्या गावाची डोकी तिच्याच हाताखालून जायची. इबुकी तोंडातून शब्द न काढता वर्गात बसायचा. त्या आठवड्यात त्याची भात वाढायची पाळी होती. पाळीची मुलं पांढरे डगले, टोप्या, मास्क घालून वर्गाला जेवण वाढतात. वाढण्याआधी वर्गशिक्षक एकेकाला विचारतात, पोट बरं आहे ना, उलटी नाही ना झाली. मुलं नाही म्हणतात. इबुकीही नाही म्हणाला.

त्या दिवशी पहाटे त्याला घरी उलटी झाली होती. आईला जाग येऊ नये म्हणून त्यानं संडासाचा नळ सोडून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला चौथीतलं पहिलं पोर ओकलं. बादली आली, खिडक्या उघडल्या, सगळं घोटल्याप्रमाणे झालं. पण तेवढ्यात दुसरं, मग जिन्यात तिसरं. दुपारपर्यंत आजारखोलीत खाटा पुरेनात, बाईंनी मुलांना कुशीवर वळवून चटयांवर झोपवलं. त्या धांदलीत इबुकी दाराशी येऊन उभा राहिला.

"तुलाही होतंय का? ये, आडवा हो."

"नाही. मला आधीच झालं होतं." तो जमिनीकडे बघत होता. "हे सगळं माझ्यामुळे झालं."

बाईंनी हातमोजे काढले, हात धुतले आणि त्याला बाहेर पायरीवर नेलं. हळूहळू त्यानं सगळं सांगितलं.

"मग वर्गशिक्षकांनी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"माझ्याऐवजी दुसऱ्याला वाढायला लागलं असतं. आणि घरी राहिलो असतो तर फूल गेलं असतं. सगळ्यांना त्रास झाला असता."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोरावर नाही. ज्या मोठ्या माणसांनी या पोराला पहिलीपासून एकच धडा दिला, कुणाला त्रास होऊ देऊ नकोस, त्या सगळ्यांवर. पोटातलं ओकून टाकायलासुद्धा नळाचा आवाज लागतो याला. असं पोर पुढं खरोखरीचं आजारी पडलं, तर मरायला टेकेपर्यंत कुणाला कळणार नाही. बाईंना राग आला त्याच्या मागं ही भीतीच होती.

चौथीचा वर्ग बंद झाला, मग पाचवीचा. आरोग्य केंद्राची माणसं येऊन गेली. इबुकीचं बाईंनी फक्त काजिवारा सरांच्या कानावर घातलं, कारण घालणं भाग होतं, आणि नाव बाहेर जाणार नाही असा शब्द घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी व्यायामशाळेत पालकांची सभा भरली. रॉकेलची शेगडी पेटवूनही पाय गारठत होते. पालकसंघाचे अध्यक्ष नागासे उभे राहिले. त्यांची मुलगी जिल्ह्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती, आणि माणूस पार पिचून गेला होता.

"साथ काय आभाळातून पडते का? कुणीतरी आणली ना? कुणी आणली ते आम्हाला कळलं पाहिजे."

मागून आवाज आले. "बरोबर आहे." "त्या घराला काही वाटायला नको?" "आम्ही आमची पोरं सांभाळायची आणि यांनी आजारी पोरं पाठवायची."

काजिवारा सरांनी रुमालानं कपाळ टिपलं. "आमच्या माहितीप्रमाणे, म्हणजे नाव घेणं योग्य नाही, पण त्या आठवड्यात भात वाढणाऱ्या..."

चौथीत भात वाढणारी मुलं दोनच होती. मुरोताबाईंनी उठून सरळ त्यांच्या हातातला माईक घेतला.

"हा रोग हिवाळ्यात बंदरावर आहे, बसमध्ये आहे, बाजारात आहे. कुणी आणला ते मी सांगणार नाही. माहीत असलं तरी नाही. नागासेसाहेब, तुमची लेक दवाखान्यात आहे, मी रोज फोन करून विचारते. पण दुसऱ्याच्या पोराचं नाव कळल्यानं तिचं सलाईन आज सुटणार आहे का?"

"तसं नाही बाई, पण कुणीतरी जबाबदारी..."

"घ्या ना, जबाबदारी हवी तर ही घ्या. पोरं तापानं फणफणली तरी शाळेत यावीत म्हणून दारावर फुलं कुणी लावली? आम्ही. आणि त्या फुलांचे फोटो काढून आजीआजोबांना कुणी पाठवले? तुम्ही. ताप उतरायचं औषध सकाळी पाजून पोराला शाळेत सोडलेले इथं किती जण बसलेत, हात वर करायला सांगू?"

कुणी हात वर केला नाही. सगळ्यात मागच्या ओळीत इबुकीची आई, तोगाशीबाई, मान खाली घालून बसल्या होत्या. बाईंनी मुद्दामच तिकडं बघितलं नाही. सभा कुरकुरत संपली आणि बाई घरी गेल्या त्या जिंकल्याच्या आनंदात. त्या रात्री त्यांनी स्वतःसाठी मासा भाजला आणि पोटभर जेवल्या.

बुधवारी बंद वर्ग पुन्हा सुरू झाले. बाई शिक्षकांच्या खोलीत शिरल्या तर टेबलावर गोडाचं मोठं खोकं उघडलेलं. दुकानात बांधतात तसा नेटका कागद बाजूला घडी करून ठेवलेला. काजिवारा सरांच्या हातात लाल चवळीच्या गोड सारणाचा बन होता.

"मिटलं हो प्रकरण, मुरोताबाई. तोगाशीबाई चौथी-पाचवीतल्या मुलांच्या घरोघर जाऊन आल्या. प्रत्येक दारात खोकं दिलं, वाकून माफी मागितली. नागासेंकडेसुद्धा. काय समंजस बाई आहे."

बाईंनी घडी केलेला कागद उचलला. ज्या नावासाठी त्यांनी सबंध गावाशी वैर घेतलं होतं, ते नाव त्या पोराच्या आईनं कागदात गुंडाळून दारोदार वाटलं होतं.

"आणि तुम्ही खाताय ते?"

"आलेलं परत पाठवायचं म्हणजे केवढा अपमान."

"लाज वाटू द्या जरा," बाई म्हणाल्या. एवढं उघड त्या सरांना आजवर कधी बोलल्या नव्हत्या. सरांनी बन हळूच खाली ठेवला.

शाळा सुटल्यावर इबुकी आजारखोलीत आला. दोन्ही हातांत एक लहान खोकं होतं. "बाई, तुम्हाला खूप त्रास झाला. मला क्षमा करा." वाक्य पाठ करून घेतलेलं होतं, हे लगेच कळत होतं.

"मी नाही घेणार. घेऊन जा. आजारी पडणाऱ्यानं माफी मागायची नसते."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. खोकं त्यानं पुढं धरलेलंच होतं. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण काय केलं. सबंध गावानं घेतलं, नागासेंनी घेतलं, आणि एकट्या मुरोताबाईंनी परत लोटलं. त्याच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच होता, की बाईंनी माफ केलं नाही. बाईंनी मुकाट्यानं खोकं घेतलं. घेताना एवढी चीड आली की दातांत दात घट्ट बसले.

"चल, तुझ्या आईकडे जायचंय मला."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तोगाशीबाई टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. बाईंना बघताच त्या कमरेत वाकल्या.

"वाकू नका. पुरे झालं ते वाकणं," बाई दारातूनच तडकल्या. "ताई, काय केलंत हे? मी तिथं कशासाठी भांडले? माफी मागायचीच तर शाळेनं मागायला हवी, या पोराची. पोर आजारी असताना त्याच्या हातात भाताचा डाव दिला आम्ही. आणि तुम्ही त्याला गुन्हेगार ठरवून आलात, दारोदार."

तोगाशीबाईंनी हातातल्या टॉवेलाची घडी पूर्ण केली. "बाई, तुम्ही बोललात ते मी शेवटच्या ओळीत बसून ऐकलं. माझ्यासाठी असं कुणी कधी बोललं नव्हतं. पण सरांनी भाताचं काढलं तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. तुम्हाला एवढंही कळू नये?"

बाई खोकं हातात घेऊनच आत आल्या.

"तुमची एप्रिलमध्ये नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये बदली होईल. दुसऱ्या गावात जाल, तिथंही भांडाल. आम्हाला इथंच राहायचंय. याच लोकांची डोकी माझ्या हाताखाली यायला हवीत. मी आधी जाऊन वाकले नसते तर त्यांनी मला पुढची कित्येक वर्षं वाकायला लावलं असतं."

"घेतलं सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी घेतलं. अहो कशाला, उगाच त्रास घेतलात, असं सगळे म्हणाले. नागासेंच्या बायकोनं तर चहा घेऊन जा म्हटलं." तोगाशीबाईंचा आवाज इथवर अगदी सरळ होता, तो आता पहिल्यांदा चिरकला. "पण एकानंसुद्धा विचारलं नाही, की तुमचा मुलगा कसा आहे."

सभेत बाई बोलल्या होत्या, सरांना बोलल्या होत्या, आत्ता दारातून एवढं बोलल्या होत्या. पायरीवर बसवून त्या पोराला विचारलं होतं ते एवढंच, की बोलला का नाहीस. रोज फोन केला होता तो नागासेंच्या मुलीसाठी.

हातातलं खोकं बाजूला ठेवून त्या इबुकीपुढं गुडघ्यांवर बसल्या.

"कसा आहेस रे तू?"

त्यानं आईकडे बघितलं. मग तो अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये तसं म्हणाला, "पोट दुखतंय अजून."