सिरीयस आहे, निघून या

माझा भाऊ ज्या दिवशी गेला त्या दिवशी तो दुपारपर्यंत जिवंत होता. आम्ही मात्र त्याला सकाळीच मेलेला धरलं. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आमच्याकडे अशी गोष्ट कुणी सुरुवातीला सांगत नाही, आणि जे झालं ते त्यामुळेच झालं.

मी दौंडला एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माहेर वरवंडच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. शेवंती आणि झेंडूचं शेत, घरात आई आणि शेजारच्या खोल्यांत चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो. भाऊ माझ्याहून धाकटा. तो शिक्रापूरला एका कारखान्यात होता आणि तिथेच खोली घेऊन राहायचा. खोलीत त्याच्यासोबत त्याच्याच वयाचा एक बिहारी कामगार होता. सुट्टीच्या दिवशी भाऊ मोटारसायकलवर घरी यायचा, फुलं तोडू लागायचा, आणि मी आलेली असले तर माझी खोडी काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही.

"आई, ही जन्मली तवाच सिरीयस व्हती का गं?" तो विचारायचा. "ताईला हसायचं झालं तरी आधी डिक्शनरीत बघावं लागतं, हासणं म्हंजी काय त्ये."

डिक्शनरीत मी खरोखरच बघते. शब्द कुठून आला, कुठे कुठे राहिला, हे वाचायची मला जुनी सवय आहे. भाऊ गेल्यानंतर बरेच दिवस मला दुसरं काही वाचता येत नव्हतं, तेव्हा मी 'सिरीयस' हाच एक शब्द पुन्हा पुन्हा काढून बसत होते. मूळ लॅटिन, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. अर्थ, हसण्यावारी न नेण्यासारखं. त्याच्याही मागे 'जड', 'वजनदार' असा एक अर्थ असावा, असं काही अभ्यासक मानतात. इंग्रजीत तो आधी माणसाच्या स्वभावाला लावत, मग कामाला, बोलण्याला. मध्यंतरी तिकडे भाविक, देवाधर्माच्या माणसालाही सिरीयस म्हणत असत. दुखण्याला तो शब्द फार उशिरा चिकटला.

आपला 'गंभीर' वेगळ्या वाटेने आलेला. तो वजनाचा नाही, खोलीचा शब्द आहे. डोह गंभीर असतो. आमच्या गावात मात्र 'गंभीर' कुणी बोलत नाही, तो वर्तमानपत्रात छापून येतो. गावात दुखणं 'जड' असतं. म्हणजे एका परीने आमची माणसं नकळत त्या लॅटिन शब्दाजवळच जाऊन बसली होती. मग दवाखाने आले, फोन आले, आणि 'सिरीयस' आला. मुलगा अभ्यासात सिरीयस नाही, पोरगी बघायला आलेले लोक सिरीयस दिसत नाहीत, असं आता सगळेच बोलतात. वर्गातली पोरं मलाच म्हणतात, "मॅडम, एवढं सिरीयस नका घेऊ." या सगळ्या अर्थांना माझी काही हरकत नाही.

पण फोनवर या शब्दाचा अर्थ एकच.

माणूस गेला हे आमच्याकडे फोनवर सांगत नाहीत. ऐकणारा रस्त्यात असेल, गाडीवर असेल, घरात एकटा असेल. धक्का बसून त्याचंच काही व्हायचं. म्हणून सांगायचं, "सिरीयस आहे, निघून या." ऐकणारा समजतो. कोणता दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले, असं काही तो विचारत नाही. बरं, येतो, एवढंच म्हणतो आणि वाटेत हार घेतो. घरातल्या अगदी जवळच्या बाईला त्याहून हलकं सांगायचं. जरा लागलंय, जरा चक्कर आली. तीही समजते, पण समजल्याचं दाखवत नाही. आणि माणूस खरोखरच जिवंत असेल तर सांगणाऱ्याला जास्तीचं बोलावं लागतं. "न्हाई न्हाई, तसलं काय न्हाई. बोलतोय चांगला. च्या घेतला आत्ताच." एवढं जोडलं तरच लोक विश्वास ठेवतात.

माझे वडील पुण्याच्या दवाखान्यात गेले तेव्हा आम्हाला असंच कळवलं होतं. यात लबाडी नाही. ती माया आहे, आणि मी लहानपणापासून तिला मायाच समजत आले.

त्या सकाळी भावाच्या मोटारसायकलला शिक्रापूरच्या चौकाजवळ एका ट्रकची धडक बसली. खोलीवरचा तो बिहारी मागच्याच रिक्षात होता. त्यानेच भावाला दवाखान्यात नेलं आणि भावाच्याच फोनवरून आप्पांना फोन लावला. आप्पा फुलांच्या करंड्या टेम्पोत चढवत होते. तो काय बोलला ते आप्पांनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. "भैया का एक्सीडेंट हो गया है. सीरियस है. जल्दी आइए."

आप्पांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. फोन खिशात ठेवला आणि करंडीवरच बसले.

त्या माणसाला आमची रीत कुठून ठाऊक असणार? त्याने खरं होतं तेच सांगितलं. आप्पांनी आमच्या पद्धतीने ऐकलं.

मला फोन आला तेव्हा मी वर्गात निघाले होते.

"पोरी, धाकटा सिरीयस हाय. तू हिकडंच ये, घरला."

"दवाखान्यात येऊ ना, आप्पा?"

"न्हाई, घरीच ये. आन् गाडी जावयांना चालवू दे. तू चालवू नको."

त्या शेवटच्या वाक्यानंतर विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नवऱ्याने गाडी काढली. वाटेत हार घ्यायला थांबलो नाही. आमच्या घरी फुलं होतीच.

अंगणात भावकीतली माणसं बसली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आई मागच्या पत्र्याखाली शेवंती निवडत होती, आणि चुलती तिच्यापुढे भाताची ताटली धरून उभी होती.

"जाऊबाई, दोन घास खाऊन घ्या."

"एवढ्या सकाळचं मला कशाला जेवाय घालताय?"

"घ्या वो. मग राहून जातं."

आईने माझ्याकडे बघितलं. कॉलेजच्या दिवशी मी सकाळीच घरी कशी, हे तिने विचारलं नाही. "जरा लागलंय म्हणं त्येला," एवढंच म्हणाली आणि ताटली हातात घेतली. ती सावकाश, खाली बघत, सगळा भात जेवली.

मी आप्पांना म्हणाले, निघायचं ना आपण? आप्पा म्हणाले, मामा येऊ देत. आईचा भाऊ इंदापूरकडे राहतो, तो आल्याशिवाय निघायचं नाही असं सगळ्यांचंच मत पडलं. पोलिसांचे कागद होईस्तोवर तिथे तसंही बसूनच राहावं लागतं, असं कुणीतरी अनुभवाचं बोललं. आप्पा म्हणाले, "आता घाई करून काय करायचंय?" मीही तिथेच बसून राहिले. मधल्या वेळात आप्पा नातेवाइकांना फोन लावत राहिले. एक ठेवला की दुसरा. सगळ्यांना तेच वाक्य.

मामा आले. आईला चुलतीपाशी ठेवून आम्ही जीपने निघालो. चौफुल्याला आप्पा उतरले आणि कापड घेऊन आले. ते पांढरं, कागदात बांधलेलं, माझ्या मांडीवर ठेवलं, कारण जागा नव्हती. न्हावऱ्यावरून शिक्रापूरला पोचेपर्यंत ते माझ्या मांडीवर होतं.

चौकात विचारून दवाखाना गाठला. काउंटरवर एक मुलगी होती. आप्पांनी भावाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "बॉडी ताब्यात घ्यायची हाय."

तिने आमच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कुणी कळवलं? आत्ताच तर गेले ते, थोड्या वेळापूर्वी. तुम्हीच का घरचे? डॉक्टर सकाळपासून विचारत होते, घरचं कुणी आलं का म्हणून."

"सकाळीच गेला न्हवता?" आप्पा म्हणाले.

तिला प्रश्नच कळला नाही.

तेवढ्यात तो बिहारी आतून आला. शर्टावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. तो चिडलेला होता, पण आवाज चढवत नव्हता. "कहाँ रह गए थे आप लोग? हम बोले थे न, सीरियस है, जल्दी आइए. फिर कितना फोन लगाए, हर बार बिजी."

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. मामा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. मी ते कापड पाठीमागे धरून उभी होते. त्या माणसाला ते दिसू नये असं मला वाटत होतं.

त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. भाऊ बऱ्यापैकी शुद्धीत होता. तुटक बोलत होता. डॉक्टर पाणी देऊ देत नव्हते, तेव्हा याने कापूस भिजवून त्याचे ओठ ओले केले. "बार-बार पूछ रहे थे, अम्मा निकली क्या. हम बोले, निकल गई हैं, रास्ते में हैं."

परत येताना आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी होते. मागे न वळता म्हणाले, "वहिनीला ह्यातलं काय बोलायचं न्हाई." मामा 'व्हय' म्हणाले. मीही म्हणाले.

तेराव्याला तो बिहारी भावाच्या वस्तूंची पिशवी घेऊन आला. कपडे, चार्जर, दाढीचं सामान. तो येणार हे कळल्यापासून आप्पा फाटकापाशीच घोटाळत होते. त्यांनी त्याला तिथेच गाठलं. मीही होते.

"भैया, अम्मा को बोलना, जाग्यावरच गया. तकलीफ नहीं हुआ."

"झूठ बोलें?"

"झूठ नहीं रे बाबा. आमच्यात असंच बोलत्यात."

त्याने माझ्याकडे बघितलं. शिकलेली आहे, ही काहीतरी वेगळं सांगेल, असं त्याला वाटलं असावं. मी आप्पांच्या बाजूने मान हलवली. आई त्या दिवसांत निदान झोपत तरी होती. एका झटक्यात गेला, कुणाची वाट बघत नव्हता, एवढं तिच्याकडे उरलं होतं, आणि ते तिच्याकडे राहावं असं मला मनापासून वाटत होतं.

पंगतीत त्याला मधोमध बसवलं. "वाढा वाढा भैयाला," एक लांबचे काका म्हणाले, "पुरणाची पोळी तिकडं कुठं मिळायची." दुसरा म्हणाला, "तिकडं नुसतं सातू खात्यात, व्हय ना वो भैया?" तो हसला, आणि इतर दोघं-तिघंही हसले. गोड जेवणाच्या दिवशी थोडं हसायची मुभा असते. जेवण झाल्यावर आईने त्याला आत बोलावलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. तो समोर मांडी घालून बसला, पिशवी मध्ये. आप्पा दारात उभे राहिले.

"कसा गेला माझा पोरगा?" आईने विचारलं.

त्याला मराठी समजत होतं. "अम्मा, कुछ तकलीफ नहीं हुआ," तो म्हणाला. "वहीं पर. तुरंत."

तो फार वाईट बोलला असं नाही. आमच्यातला कुणी बोलला असता तसाच, जमिनीकडे बघत बोलला.

आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तुझ्या बापाच्या येळंला असंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तरास झाला न्हाई म्हणं. म्हंजी झाला व्हता."

तिने समोरची पिशवी जवळ ओढून घेतली.

"किती येळ जित्ता व्हता ह्यो?"

आप्पा दारातून म्हणाले, "वहिनी, आता कशाला त्ये..."

"तुम्हाला न्हाई इचारलं, भाऊजी. पोरीला इचारलंय."

खरं सोडून दुसरं काही उरलं नव्हतं. "दुपारपर्यंत," मी म्हणाले.

"आन् आपली माणसं कवा निघाली?"

"मामा आल्यावर."

ती मनाशी काहीतरी जुळवत असावी. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजी मी हितं भात खात व्हते."

आप्पा दारातून निघून गेले. अंगणात त्यांनी कुणाला तरी पाणी मागितलं ते ऐकू आलं. त्यांच्याशी आई त्यानंतर बोलते, पण लागेल तेवढंच, आणि त्यांनी सांगितलेलं काहीही ती दुसऱ्या कुणाला विचारून घेते.

त्या दिवशी मात्र ती त्या बिहाऱ्याकडे वळली. "आता खरं सांग," ती म्हणाली. "चौकात पडला तिथनं सांग. काय गाळू नको."

त्याने सांगायला सुरुवात केली. रिक्षा, दवाखान्याची पायरी, कापलेला शर्ट, डॉक्टरांनी काय विचारलं, भावाने काय उत्तर दिलं. हिंदीत, थांबत थांबत. आईला निम्मं समजत नसावं. मी मध्ये मराठीत सांगू लागले तर तिने हात वर करून मला थांबवलं. कापसाने ओठ ओले केले, इथवर तो आला. "फिर पूछे," तो म्हणाला, "अम्मा निकली क्या," आणि तिथे त्याला पुढचं बोलवेना.

आईने पदर तोंडाला लावला नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पुढं," ती म्हणाली.